दाजींनी जोडलेली बोट

हे माझ्या बायकोला माहीत नाही. आक्काला नाही, शाळेतल्या कुणाला नाही. दाजींना तर नाहीच, आणि सगळ्यांत आधी कळायला हवं होतं ते त्यांनाच. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला कुठं भेटणार नाही म्हणून असेल. चारचौघांत बोट म्हणताच मी विषय बदलतो, त्या बदलण्याचाच आता कंटाळा आला म्हणूनही असेल.

मी बेळगावात टिळकवाडीला राहतो, एका हायस्कुलात चित्रकला शिकवतो. मूळचे आम्ही इथल्याच वडगावचे, विणकर. वडील गेल्यावर यंत्रमाग विकले आणि पत्र्याचं लांबलचक शेड तेवढं रिकामं उरलं. माझी थोरली बहीण, आक्का, निपाणीजवळ वेदगंगेच्या काठच्या एका गावात दिलेली. तिचे यजमान म्हणजे दाजी. निपाणीत त्यांचं पंप आणि इंजिन दुरुस्तीचं दुकान होतं. शेतकरी विहिरीवरची मोटार बैलगाडीत नाहीतर टेम्पोत घालून आणायचे आणि दाजी ती नुसती सुरू करून कान लावायचे. बिघाड कुठं आहे ते खोलायच्या आधीच सांगायचे. माणसं त्यांना नावानं हाक मारत नसत, मिस्त्री म्हणत.

आक्काचं लग्न झालं तेव्हा मी आठ वर्षांचा होतो. मे महिन्याच्या सुट्टीत तिच्याकडं जायचो. एकदा दाजींनी मला गुऱ्हाळाच्या काहिलीत बसवून नदीच्या डोहात नेलं होतं. गूळ शिजवायची ती भली मोठी कढई पाण्यावर गोल गोल फिरत होती, आणि दाजी शेजारून पोहत एका हातानं ती ढकलत होते. मी पोहायला कधीच शिकलो नाही. पण पाण्यावर बसून जायचं — ते वेड त्या दिवशी लागलं आणि पन्नाशीपर्यंत सुटलं नाही.

पन्नाशीला हिडकल धरणाच्या काठी एका बंद पडलेल्या रिसॉर्टमागं मला ती दिसली. अॅल्युमिनियमची चौदा फुटी बोट, उपडी घातलेली. तिच्याखाली कोंबड्या राहत होत्या. मागं लावायची पेट्रोलची मोटार राखणदाराच्या खोलीत गोणपाटात गुंडाळून पडली होती. मी काही न विचारता, कुणाला न दाखवता दोन्ही घेऊन टाकलं. बायको म्हणाली, "ठेवणार कुठं? गच्चीवर?" वडगावचं शेड होतंच.

मला त्यातलं काय येत होतं? काही नाही. मी चित्रकलेचा मास्तर, मला रंग येत होता. म्हणून आधी रंगच लावला. आठ दिवसांत त्याचे पापुद्रे निघाले. अॅल्युमिनियमला आधी वेगळा अस्तराचा रंग लागतो, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. बाकाला लोखंडी स्क्रू मारले, त्यांच्याभोवती पांढरी भुकटी धरली. मग दाजींना फोन केला. ते रविवारी पहिल्या गाडीनं आले, हत्यारांची पिशवी खांद्याला, आक्कानं दिलेला भाकरी-खर्ड्याचा डबा हातात. बोटीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "मास्तर, नवरीला पावडर लावलीस, पर तिला आंघूळ कोण घालनार?"

त्यानंतर जवळजवळ वर्षभर ते रविवारी येत राहिले. लग्नसराई नाहीतर दुकानात गर्दी असली तरच चुकायचे.

ते रविवार — कसे सांगू? आम्ही बोट लाकडी ठोकळ्यांवर ठेवून तिच्यात बादल्यांनी पाणी भरलं आणि खाली उताणे पडून कुठून थेंब पडतो ते बघत राहिलो. थेंब पडला की तिथं खडूनं गोल. एकतीस गोल झाले. मग दाजी बाहेरून रिव्हेट ठोकायचे आणि मी आत बसून मागनं लोखंडी ठोकळा दाबून धरायचो. प्रत्येक घाव माझ्या दातांपर्यंत यायचा. मागची फळी, जिच्यावर मोटार अडकवतात, कुजून केकसारखी झाली होती. ती त्यांनी सागवानाची केली. मोटारीचा कार्बोरेटर तर त्यांनी किती वेळा उघडला असेल! तारेनं, फुंकरीनं, पेट्रोलनं साफ करायचे, पुन्हा बसवायचे, पाण्याच्या पिंपात मोटार उभी करून दोरी ओढायचे. नाही सुरू झाली की रागवायचे नाहीत. "बोलंल, बोलंल. अजून वळख न्हाय झाली," म्हणायचे.

दुपारी शेडच्या दारात बसून आम्ही जेवायचो. वडिलांशी मी कधी इतका बोललो नव्हतो. मला त्या बोटीपेक्षा त्या दुपारी हव्या होत्या का? आज वाटतं, हो. तेव्हा मात्र मला बोटच दिसत होती.

ज्या दिवशी मोटार पिंपात धडधडली त्या दिवशी दाजींनी हात पुसले आणि ते बाहेर जाऊन उभे राहिले. मी मागनं गेलो तर डोळे पुसत होते. मी ती बोट निळी रंगवली, या खेपेला नीट अस्तर लावून. काठाला पांढरी रेघ, हातानं ओढलेली, एकसुद्धा थरथर नसलेली. हिवाळ्यात हिडकलला पाण्यात सोडली. आक्का पुढं बसली होती, दोन्ही काठ घट्ट धरून ओरडत होती आणि हसतही होती. मध्यावर दाजींनी मोटारीचा दांडा माझ्या हातात दिला. "धर की. तुझी हाय." मी धरला. तेवढं सुख मला पुन्हा कधी मिळालेलं नाही.

मी घुटमळतोय, हे तुमच्या लक्षात आलं असेल. पुढचं सांगायचं तर मागचं इतकं गोड सांगायची काय गरज होती? पण मी काय मोडलं ते तुम्हाला त्याशिवाय कळणार नाही.

पुढच्या पावसाळ्यात वेदगंगा गावात शिरली. दरवर्षी नदीकाठच्या वावरांत पाणी येतं, त्याची कुणाला भीती नसते. त्या वर्षी ते थांबलंच नाही. सकाळी दाजींचा फोन आला. मागं माणसांचा गलका होता, पण ते शांतच होते.

"मास्तर, पानी सोप्यात आलंय. आमी आप्पास्नी उचलून शेजारच्या गच्चीवर घेतलंय. त्यांस्नी काहिलीत न्हाय घालता येनार. बोट घेऊन ये रं."

सोपा म्हणजे त्यांच्या घराची पुढची खोली, आणि आप्पा म्हणजे दाजींचे वडील. पंच्याऐंशीच्या पुढचे, अर्ध्या अंगावरून वारं गेलेलं, बसतासुद्धा येत नसे.

मी नुसतं 'बोट... आत्ता?' म्हणालो. दाजींना वाटलं मी घाबरलो. ते म्हणाले, "तू पान्यात उतरू नगंस. नुसती टेम्पोत घालून कडंपातुर आन. हितली मानसं पट्टीची हायती, फुडं ती नेतील. रस्ता चालू हाय अजून."

म्हणजे बघा, भीतीचं कारणसुद्धा त्यांनी माझ्याकडून काढून घेतलं होतं. इतकी वर्षं मी मनात म्हणत आलो की मला पोहता येत नव्हतं, मी घाबरलो. तेही खोटंच. मी घाबरलो नव्हतो. मला ती बोट दिसली. माझी निळी बोट, ती पांढरी रेघ. पाण्याखाली बुडालेली कुंपणं, विजेच्या तारा, पत्र्यांच्या कडा, आणि तिच्यावर चढणारी पंचवीस अनोळखी माणसं. एक म्हातारा, जो आज ना उद्या जाणारच — होय, हेही मनात आलं. आलं ते सांगतो.

मी म्हणालो, "दाजी, मोटार सुरू होत नाही. काल ओढून बघितली. बहुतेक कार्बोरेटर."

ते म्हणाले, "कार्बोरेटर मीच बसवलतो की."

एवढ्यावर थांबलं असतं तर कदाचित हे लिहिण्याइतकं काही उरलं नसतं. पण त्यांनी विचारलं, "शेडात हाईस न्हवं?"

मी टिळकवाडीत घरात होतो. सोफ्यावर. आणि मी म्हणालो, "होय, शेडातच."

"मग फोन कानाला ठेव. मी सांगतो तसं कर. प्लग काढ. पूस. सुक्या फडक्यानं. पुसलास?"

"पुसला."

"आता चोक वढून दोरी मार."

स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. मी फोनवर हात दाबला आणि गॅलरीत गेलो, दार लावून घेतलं. आणि — हे मला आजवर स्वतःशीसुद्धा पुरतं म्हणता आलेलं नाही — मी धापा टाकल्या. दोरी ओढणारा माणूस टाकतो तशा.

"न्हाय झाली?"

"नाही, दाजी."

"बरं. चोक आत घाल. पुना वढ. घाई करू नगंस."

त्यांच्या मागं आक्का कुणाला तरी ताडपत्री धरायला सांगत होती. पाऊस पडताना ऐकू येत होता. पाण्यानं वेढलेल्या गच्चीवर एक माणूस पावसात उभा राहून मला धीर देत होता, आणि मी गॅलरीत कोरडा उभा राहून नसलेली दोरी ओढत होतो. किती वेळ? पंधरा मिनिटं तरी. त्यांनी एकदाही आवाज चढवला नाही. शेवटी म्हणाले, "ऱ्हाऊ दे मास्तर. तुझा काय दोष. माजंच काय तरी ऱ्हायलं."

संध्याकाळपर्यंत हायवे पाण्याखाली गेला. त्यानंतर मी गेलो असतो तरी पोचलो नसतो, म्हणून मला पुन्हा कुणी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी बचाव पथकाची रबरी बोट आली तोवर आप्पा ताडपत्रीखाली भिजत पडले होते. छातीत कफ भरला. निपाणीत दवाखान्यात सातव्या दिवशी गेले. डॉक्टर म्हणाले, वय झालं होतं. ते वाक्य मी लगेच उचललं आणि बरेच दिवस वापरलं.

त्या सात दिवसांत एकदा मी वडगावला शेडमध्ये गेलो. मोटार पिंपात उभी केली. काय हवं होतं मला? सुरू होऊ नये असं वाटत होतं. मनापासून, देवाला म्हणावं तसं मी म्हणत होतो, होऊ नको. दुसऱ्या ओढीला सुरू झाली. दाजींनी बसवली होती तशीच, एका लयीत, स्वच्छ. मी ती बंद केली आणि पिंपाला टेकून बसलो.

आप्पांच्या कार्याच्या दिवशी गावातली माणसं जमली होती. चिखल अजून भिंतींना होता. कुणीतरी बोटीचं विचारलं, तर दाजी म्हणाले, "बोट व्हती. मिस्त्री कच्चा निघाला." कुणी हसलं नाही. आक्कानं मला बाजूला घेतलं. "इलास, ह्यांस्नी काय तरी सांग रं. रात-दिस हाताकडं बघत बसत्यात."

तेव्हा सांगता आलं असतं. सगळ्यांसमोर नाही, तर मागल्या दारी, दोघांतच. मी गेलो, त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "दाजी, जुनं मशीन ते. असं होतंच." म्हणजे मी त्यांचं सांत्वन केलं, आणि त्याच वाक्यानं तो दोष त्यांच्या अंगावर पक्का बसवला. ते म्हणाले, "एकदा मोटार आन. उघडून बघतो काय चुकलं." मी सांगितलं, भंगारात दिली. ती दिलेली नाही. शेडमध्ये आहे, जुन्या साडीच्या कापडाखाली. बोट तिच्या शेजारीच. त्यानंतर ती पाण्यात गेली नाही. रंग अजून तसाच आहे.

सहा महिन्यांनी दाजींनी दुकान बंद केलं. नजर कमी आली, असं लोकांना सांगितलं. ते रविवारी वडगावला पुन्हा आले नाहीत, आणि मीही कधी या म्हणालो नाही. काय म्हणून बोलावणार? पण रविवारी सकाळी मला अजून लवकर जाग येते. निपाणीची पहिली गाडी कधी पोचते ते घड्याळ न बघता कळतं. कधी शेडमध्ये जाऊन दारात बसतो, जिथं आम्ही जेवायचो तिथं. त्या माणसाच्या शेजारी बसून भाकरी खावी, त्यानं माझी चेष्टा करावी, एवढंच हवं असतं. तो माणूस जिवंत आहे. दीड तासाच्या अंतरावर आहे. त्याच्याकडं मी जातोही, भाऊबीजेला, उरसाला. तो मला जवळ बसवून घेतो, शाळेचं विचारतो. आणि मला ज्याची ओढ लागलीय तो तिथं नसतो.

गेल्या महिन्यात गेलो होतो. आक्कानं चहा दिला. आम्ही दोघं सोप्यात बसलो होतो. तेवढ्यात शेजारचा एक शेतकरी फवारणीचा पंप घेऊन आला, दारातच ठेवला, म्हणाला, "मिस्त्री, जरा ऐकून तरी सांगा." त्यानं तो सुरू केला. मला यंत्रातलं फारसं कळत नाही, पण पंप अडखळत होता हे मलासुद्धा कळलं. दाजींची मान थोडी वळली, त्या बाजूचा कान पुढं झाला. मी ते बघितलं. त्यांना काय बिघडलंय ते कळलं होतं.

मग त्यांनी मान सरळ केली. म्हणाले, "बंद कर बाबा. दुसरीकडं दाखीव. माज्या हाताचा आता भरवसा न्हाय."

तो माणूस पंप खांद्याला मारून गेला. मी तिथंच बसलो होतो, त्यांच्या शेजारी, हातभर अंतरावर. मी चहा पिऊन संपवला.