काकींचं ताट

कोकण किनाऱ्याजवळचा समुद्राचा एक पट्टा राखीव करायचा होता. कोणाचं पोट कुठल्या पाण्यावर आहे हे लोकांकडून समजून घ्यायचं आणि मगच हद्द आखायची, असं ठरलं. त्या कामासाठी मला बोलावलं. मी अमरावतीला कॉलेजात समाजशास्त्र शिकवते.

तिकडे मी एका काकींच्या घरी राहिले. ओहोटीला त्या इतर बायकांबरोबर खडकांवरची कालवं काढायला जात. नकाशात होड्या होत्या, या बायका नव्हत्या. काकींनी मला घरोघरी नेलं, बायकांना बोलतं केलं. शेवटी ते खडक बंदीतून वगळले गेले.

आमच्या कॉलेजात यावर चर्चासत्र ठरलं, तेव्हा मी आग्रहाने काकींना बोलावलं. राजापेठेतल्या आमच्या घरी आल्या आल्या त्यांनी सोड्यांची, म्हणजे सुकवलेल्या कोलंबीची, पुडी माझ्या आईच्या हातात ठेवली. आईच्या गळ्यात तुळशीची माळ. तिने पुडी चिमटीत धरून अंगणात नेली, हात खसाखसा धुतले आणि तिथूनच म्हणाली, "कावून आणलं वं हिनं हे घरात? आता हिले कोन्या ताटात वाढू मी?"

खिडकी उघडी होती. काकी पाण्याचा पेला हातात घेऊन बसलेल्या.

जेवताना त्यांच्यापुढे कागदी प्लेट आली, आमच्यापुढे स्टीलची ताटं. मीही उठून कागदी प्लेट घेतली. त्याने झालं एवढंच, की जे झाकलेलं राहिलं असतं ते उघडं पडलं. सगळे खाली मान घालून जेवले.

दुसऱ्या दिवशी काकी छान बोलल्या. माझ्या भाषणात मात्र 'लोकांचा विश्वास मिळवणं' हे शब्द आले आणि माझी जीभ अडखळली. काकी पहिल्या रांगेत होत्या.

संध्याकाळी त्या हळूच म्हणाल्या, "रात्रीपुरती हॉस्टेलात सोय होता काय बघ गो."

गाडीवरून सोडताना मी माफी मागायला लागले.

"तुझी आवस ती. तिका काय बोलू नको," त्या म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, "माका भूक लागली हा."

रस्त्यावरच्या गाड्यावर आम्ही अंडाभुर्जी खाल्ली. त्या पोटभर जेवल्या. मी पावाचे तुकडे करत बसले.

अजून त्यांचा फोन येतो. "सुट्टीत ये," म्हणतात. मी दर वेळी परीक्षांचं कारण सांगते.