वहिनीच्या हातचं तिखट

किल्लीवाल्या तात्यांचं डोकं कुलपांत चालायचं, माणसांत नाही. कसलंही कुलूप पुढ्यात टाका, कान लावून बिघाड सांगणार. पण तोंडाला मात्र कुलूप नाही. अकरा वर्षांपूर्वी थोरला भाऊ पोटाच्या कॅन्सरने गेला, तेव्हा भरल्या घरात वहिनीला म्हणाले, "तुमच्या हातच्या तिखटानं घेतलं त्याला." वहिनीचा हात तिखट होताच. सगळ्यांनी माना डोलावल्या. वहिनी पोरीला घेऊन दोन गल्ल्या पलीकडे राहायला गेली, ती गेलीच.

तात्यांनी घरातून मिरची हद्दपार केली. बायको करवादायची, "आजाऱ्याचं जेवण जेवून माझी जीभ संपावर जाईल एक दिवस." आणि एवढं करून काय? यंदा दुर्बिणीच्या तपासणीत तात्यांच्याच पोटात कॅन्सर निघाला. घ्या!

डॉक्टरीणबाईंनी आधी वडील, आत्या, भाऊ कशाने गेले ते विचारलं. तिघंही पोटानेच. वडील आणि आत्या तर वहिनी लग्न होऊन येण्याआधीच गेले होते! एवढं साधं गणित इतकी वर्षं कुणाच्या टाळक्यात शिरलं नव्हतं. तात्यांचं रक्त तपासायला गेलं. महिन्याभराने अहवाल आला: एका जनुकात बदल, जन्मापासूनचा.

"म्हणजे मूळ किल्लीचाच दात चुकलेला," तात्या म्हणाले. "तिच्यावरून काढाल त्या किल्लीत तो उतरणार."

"प्रत्येकात उतरेलच असं नाही," बाई म्हणाल्या. "निम्मी शक्यता. तुम्हाला मूलबाळ नाही, पण भावाला मुलगी आहे ना? तिची तपासणी करा. आधी कळलं तर पुढचं टाळता येतं."

"आणि तिखट?"

"तिखटानं हा बदल होत नाही."

तात्या दोनदा वहिनीच्या दारापर्यंत जाऊन परतले. लाज वाटत होती, दुसरं काय! तिसऱ्यांदा कडी वाजवली. वहिनी "या" म्हणाली नाही, "जा"ही म्हणाली नाही. तात्यांनी उंबऱ्याबाहेरूनच सगळं सांगितलं.

"चुकलो, वहिनी. खोट आमच्याच रक्तात होती. मला काय हवं ते बोला, पण पोरीला तपासणीला पाठवा."

वहिनीने अहवाल दोनदा वाचला.

"उद्याच नेते तिला," ती म्हणाली. मग भिंतीला टेकून खाली बसली. "अकरा वर्षं मी तिखटाला हात लावला नाही, भाऊजी. मला वाटायचं, खरंच मीच मारलं ह्यांना."