दोनशे उठाबशा आणि एक सोमवार

"बाई, याला रॅब्डोमायोलिसिस म्हणतात," डॉक्टर केतन म्हणाला आणि माझ्या रिपोर्टवरच्या एका आकड्याखाली त्याने पेनाने रेघ ओढली. "मांड्यांचे स्नायू फुटलेत आणि त्यांच्यातला माल रक्तात उतरलाय. नेमकं काय केलंत तुम्ही?"

"उठाबशा," मी म्हणाले. "रोज दोनशे."

त्याने पेन खाली ठेवलं. "आठवीत तुम्ही मला वीस काढायला लावल्या होत्या. तीन दिवस मी जिना बसत बसत उतरत होतो. आणि स्वतःला दोनशे?"

तुमचे आजोबा शेजारीच उभे होते. "हिने शाळा सोडली," ते म्हणाले, "शाळेने हिला नाही सोडलं."

अन्वी, ईशान, फोनवर मी तुम्हाला फक्त "जरा पाय दुखत होते" एवढंच सांगितलं. आता पूर्ण हकिगत लिहिते. तुमच्यासाठी लिहिते, आणि साठी उलटल्यावर ज्यांना एकदम तरुण व्हावंसं वाटेल त्यांच्यासाठीही.

सुरुवात ईशानच्या एका वाक्याने झाली. डिसेंबरात तुम्ही येणार आणि आपण रायगडावर जाणार असं ठरत होतं. तेव्हा ईशान फार प्रेमाने म्हणाला, "आजी, तू रोपवेने ये. आम्ही पायऱ्यांनी येऊ आणि तुला वर भेटू." महाडात राहून मी कितीतरी शाळकरी सहली पायऱ्यांनी वर नेल्या आहेत. फोन ठेवल्यावर वही काढली आणि वेळापत्रक आखलं. सकाळी शंभर उठाबशा, संध्याकाळी शंभर, आठवड्याचे सातही दिवस. गणपती नुकतेच गेले होते, हाताशी तीन महिने होते.

पहिल्या दिवशी शंभरच झाल्या, पण उत्साह मोठा होता. दुसऱ्या दिवशी मांड्या भरून आल्या. तिसऱ्या दिवशी पलंगावरून उठायला आजोबांचा हात लागला. आता मी कशी चूक करते पाहा. चाळीस वर्षं मी मुलांच्या "बाई, पाय दुखतो" या तक्रारीवर "मग दुसऱ्या पायाने काम कर" असं उत्तर दिलं होतं. दुखणं म्हणजे कामचुकारपणा, हे माझं जुनं मत. मी दुखण्याची गोळी घेतली आणि दोनशे पुऱ्या केल्या.

चौथ्या दिवशी आजोबांना घेऊन जवळच्या सव गावी गेले. तिथल्या गरम पाण्याच्या कुंडाशी बसून मांड्यांवर पाणी ओतत राहिले. फार बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की संध्याकाळी घरी येऊन पुन्हा शंभर काढल्या.

पाचव्या दिवशी सकाळी लघवीचा रंग कोऱ्या चहासारखा झाला होता. मांड्या टणक आणि सुजलेल्या. तेव्हा मात्र मी घाबरले, आणि आजोबांनी एकही टोमणा न मारता रिक्षा बोलावली. त्यावरून ते माझ्यापेक्षा जास्त घाबरलेत हे कळलं.

दवाखान्यात रक्त घेतलं, लघवी घेतली. बाकावर दोन तास बसलो. मग केतनने आत बोलावलं आणि वर लिहिलेलं संभाषण झालं.

त्याने जे समजावलं ते सोप्या शब्दांत सांगते. सीपीके हा स्नायूंमधला एक पदार्थ. स्नायू फुटले की तो रक्तात वाढतो. नेहमी तो फार तर शेकड्यांत असतो, माझा पाच आकडी होता. स्नायूंतून आणखी एक लालसर द्रव्य सुटतं, त्याचं नाव मायोग्लोबिन. ते मूत्रपिंडांतून गाळलं जाताना त्यांना जड जातं. चहाचा रंग त्याचाच. क्रिएटिनिन ही मूत्रपिंडांचं काम कसं चाललंय ते सांगणारी तपासणी. माझं क्रिएटिनिन थोडं वाढलेलं होतं.

"सलाईन भरपूर देऊ. दुखण्याच्या गोळ्या बंद, त्या मूत्रपिंडांना आणखी त्रास देतात. उद्या क्रिएटिनिन उतरलं तर उत्तम," केतन म्हणाला. "नाही उतरलं तर तुम्हाला मुंबईला पाठवावं लागेल."

मी विचारलं, "आणि रायगड?"

"आधी मूत्रपिंडं, मग रायगड."

बायकांच्या खोलीत चार खाटा होत्या. माझ्या शेजारी पोलादपूरच्या वरच्या अंगाला, आंबेनळी घाटाजवळच्या एका वाडीतल्या पारूबाई होत्या. शेताच्या बांधावरून घसरून त्यांचं मनगट मोडलं होतं. सत्तरीच्या असतील, पण पिंडऱ्या अशा की हेवा वाटण्याचं वय उलटून गेलं तरी मला हेवा वाटला.

"काय गो बाय, तुला काय झालाय?" त्यांनी विचारलं.

मी सगळं सांगितलं. त्या लक्ष देऊन ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "भात लावायचा व्हता काय?"

"नाही."

"मग लाकडं आणायची व्हती?"

"नाही हो. नुसत्याच. खाली बसायचं आणि उठायचं."

"आन् कुनी सांगितलावता?"

"मीच मला."

पारूबाई छताकडे बघून बराच वेळ हसल्या. मनगट हललं म्हणून थांबल्या. "सोमवारी पन?"

"सोमवारी पण."

"आमी सोमवारी बैलाच्या मानंवर जू नाय ठेवत. कितीबी काम आसू दे. बैलाला पन सोमवार हाय बाय, तुला कुनी जुपलावता?"

मी शिक्षिकेच्या सवयीने उलट प्रश्न केला. "आणि पारूबाई, तुम्हाला असतो का सोमवार?"

"मना कुठला? ह्या मोडक्या हातानं दिला तो पयला."

संध्याकाळी केतन आला तेव्हा मी त्याला हे सांगितलं. तो खाटेच्या कडेला टेकला. "बाई, त्या बरोबर सांगतायत. आपल्याला वाटतं व्यायाम करताना स्नायू बनतो. तसं नाही. व्यायामात त्याला बारीक बारीक चिरा पडतात. म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दुखतं. मग तुम्ही जेवता, पाणी पिता, झोपता, तेव्हा शरीर त्या चिरा बुजवतं आणि स्नायू आधीपेक्षा थोडा घट्ट होतो. तुम्ही गवंड्याला भिंत बांधू द्यायच्या आधीच रोज घण घेऊन जात होतात."

"मग शाळेत आम्ही शिकवलं ते?"

"शाळेत तुम्ही इंग्रजी शिकवलंत. ते चांगलं शिकवलंत."

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा रक्त घेतलं. रिपोर्ट येईपर्यंतचे तीन तास मी खिडकीतून समोरच्या घराच्या गच्चीवर वाळत घातलेले कपडे मोजले. सिस्टर दर खेपेला लघवी मापून कागदावर लिहीत होत्या. पारूबाईंनी दोनदा विचारलं, "आला काय गो कागूद?" आजोबा पेपर उलटा धरून बसले होते.

कागद आला. क्रिएटिनिन उतरलं होतं. फार नाही, पण खाली. सीपीकेही कमी झाला होता. केतन फक्त "छान" म्हणाला. आजोबांनी पेपर सुलटा केला आणि बिरवाडीच्या कुणाच्या तरी लग्नाची बातमी मोठ्याने वाचून दाखवली.

चार दिवसांनी घरी आले. लघवी पाण्यासारखी स्वच्छ झाली होती, आणि इतक्या आनंदाने ते मी आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं.

पुढचे तीन आठवडे फक्त घरात फिरणं. मग अंगणात दहा मिनिटं, मग गल्लीच्या टोकापर्यंत. मध्ये दोनदा रक्त तपासलं, दोन्ही वेळा सगळं जागेवर. नवीन वेळापत्रक केतनने लिहून दिलं. त्यात एक दिवस चालणं आणि एक दिवस विश्रांती असं आलटून पालटून होतं. सोमवार मात्र मी स्वतः लाल शाईने कोरा ठेवला. आधी कोरा दिवस मला चोरीसारखा वाटायचा. नंतर कळलं की त्याच दिवशी काम चाललेलं असतं, फक्त मला ते दिसत नाही. मी वरण-भात, उकडलेली अंडी, ताक असं नीट जेवते, दुपारी झोपते, आणि आत गवंडी कामाला लागलेले असतात.

नोव्हेंबरच्या शेवटी केतनने परवानगी दिली. "एक छोटी चढण करून बघा. हळू. थांबत थांबत. आणि नंतर तीन दिवस रंग बघा."

मी आजोबांना घेऊन पारूबाईंच्या वाडीवर जायचं ठरवलं. रस्त्यापासून वर पाऊण तासाची पायवाट आहे, मला दीड तास लागला. दर वळणावर थांबले. पारूबाई मनगटावर पट्टी बांधून दारातच उभ्या होत्या. "आलीस काय गो? पायांनी आलीस?" म्हणाल्या, आणि आजोबांच्या हातातली पाण्याची बाटली बाजूला ठेवून मला तांब्याभर पाणी दिलं. त्यांनी नाचणीची भाकरी आणि वालाची उसळ केली होती. एका हाताने कशी थापली असेल देव जाणे. मी तीन भाकऱ्या खाल्ल्या. उतरताना मांड्या थरथरत होत्या, पण त्या माझ्याच होत्या.

दुसऱ्या दिवशी दुखलं. तिसऱ्या दिवशी जास्त दुखलं, जिना कठडा धरून उतरले. मी लघवी बघितली, स्वच्छ. सूज नाही. मी गोळी घेतली नाही, सवला गेले नाही, उठाबशांचं तर नावच नको. खुर्चीत बसून तुमचे जुने फोटो अल्बमात लावले आणि पाय लांब केले. हे दुखणं वेगळं होतं. कष्टाच्या दिवसानंतर अंग दुखतं तसं, त्यात एक गोडी होती.

ज्याला कुणाला असं काही करावंसं वाटेल त्याने जरूर करावं, थोडं करावं, आणि मग शरीराला त्याचा वेळ द्यावा. दुखणं वाढतच गेलं किंवा लघवीचा रंग गडद झाला, तर वेळापत्रकाकडे नाही, डॉक्टरकडे जावं.

केतनचे, सिस्टरांचे आणि पारूबाईंचे मी मनापासून आभार मानते. आणि ईशान, रायगडावर मी पायऱ्यांनीच येणार. मी थांबेन तिथे तुम्हीही थांबायचं, एवढीच अट. वाडीवरून आल्याला आज चौथा दिवस. सकाळी दूध घ्यायला जिना उतरले, पिशवी हातात घेतली, आणि वर परत आल्यावर लक्षात आलं की कठड्याला मी हातही लावला नव्हता.