आतून बघता येणारी अक्षरे

नलिनीताईंची आणि माझी पहिली भेट सोलापूरच्या तंत्रनिकेतनात झाली. त्या तिथे शिकवत, आणि मी मराठी टाइप करण्याचे माझे सॉफ्टवेअर विकायला गेलो होतो. ताईंनी ते शांतपणे पाहिले आणि विचारले, "हे आतून बघता येतं का?" मी हसून नाही म्हणालो. पुढे त्यांनी स्वतःचे सॉफ्टवेअर केले आणि आतल्या कोडसकट सर्वांना मोफत खुले केले. आज ताईंच्या पंचाहत्तरीनिमित्त लिहायला बसलो, तरी खरे तेच लिहितो: तेव्हापासून मी त्यांच्यावर जळतो.

कर्नाटकच्या सीमेलगतच्या दुधनीचे शिवप्पा लग्नपत्रिका छापतात. माझे जुने गिऱ्हाईक. त्यांना मराठीबरोबर कन्नडही हवे होते. मी "पुढच्या आवृत्तीत" म्हणत राहिलो. एकदा त्यांच्या छापखान्यात गेलो, तर पडद्यावर ताईंचे सॉफ्टवेअर.

"ह्येच्यात कन्नड बी हाय की," शिवप्पा म्हणाले. "आमच्या गावच्या मास्तरांनी घातलंय."

"ताईंना विचारून?"

"इचारायचं कशाला? उघडंच हाय की त्ये. मागनं कळवलं, तर ताईंनी समद्यांसाठी त्येच ठिवलं."

मला लोक काम अडले की फोन करत. ताईंना काहीतरी द्यायला फोन करत. हे मला सहन होईना.

मी तावातावाने त्यांच्या घरी गेलो. "फुकट वाटून तुम्ही माझं दुकान बुडवलंत."

ताईंनी चहा पुढे केला. "विजयराव, तुम्ही विका की. पण रोज हाताशी लागणारी वस्तू बिघडली, तर माणसाला ती उघडता आली पाहिजे."

चहा मी तसाच ठेवून उठलो.

मग संगणक बदलले आणि माझे सॉफ्टवेअर नव्या यंत्रांवर चालेना. लग्नसराई तोंडावर आलेली, आणि छापखान्यांचा सगळा जुना मजकूर माझ्या बंद फायलींत अडकलेला. ताई आपण होऊन दुकानात आल्या. "तुमच्या फायलींत कुठलं अक्षर कुठल्या आकड्यानं साठवलंय, ती मांडणी द्या. फायली उघडून देऊ." मी नाइलाजाने दिली. माझ्या शेजारी बसून, पाठ दुखत असतानाही, त्यांनी काम पुरे केले. फायली उघडल्या, पण ताईंच्या सॉफ्टवेअरमध्ये! माझी गिऱ्हाइके वाचली आणि त्याच दिवशी गेलीही. फायली उघडणाऱ्या त्या कोडच्या सुरुवातीला ताईंनी स्वतःच्या नावाआधी माझे नाव घातले. रागवायलाही जागा ठेवली नाही.

नलिनीताईंना उदंड, निरोगी आयुष्य लाभो. त्यांची पाठ सांभाळली जावो. आणि त्यांच्याकडे नेहमी येतो तसा एखादा अनोळखी माणूस, मी केलेले काही सुधारून, एकदा तरी माझ्या दारात येवो.