वायर बदलली

कल्पना करा, हृदयाचा आलेख काढणारं मशीन तुम्ही नुकतंच दुरुस्त केलंय. ते तपासायला जिवंत माणूस हवा. त्याच्या छातीवर, मनगटांना, घोट्यांना वायरी लावायच्या, बटण दाबायचं आणि सरसर बाहेर येणारी कागदाची पट्टी बघायची. रेघ वेडीवाकडी आली, तर दोष कुठे शोधाल? मी मशीनमध्ये शोधला. माझं शिक्षणच मशीनचं.

ते मशीन ज्या दवाखान्यातलं, तो माझ्या शाळेपासूनच्या डॉक्टर मित्राचा. अंगाने इतका बारीक की आम्ही त्याला काडी म्हणायचो. एखादा पेशंट पुन्हा आला नाही, की काडी स्वतः त्याच्या घरी जायचा. चार-चार मजले चढून. म्हणायचा, "बरा झालेला माणूस सांगायला येत नाही रे. आणि न झालेल्याला कधी कधी येताच येत नाही." मी दुरुस्त केलेलं मशीन पुढे नीट चालतंय का, हे विचारायला मी मात्र कधी कुणाकडे गेलो नाही.

दुरुस्तीनंतर मशीन आधी पेशंटला लावलेलं त्याला चालायचं नाही. शर्ट काढून स्वतःच पलंगावर आडवा.

"लाव. आत काहीतरी धडधडतंय, हे तुझ्या वहिनीला दाखवायचंय. तिचा विश्वास नाही."

"मग पट्टी फ्रेम करून दे तिला."

त्या दिवशी दर चार-पाच ठोक्यांनंतर रेघेत एक रुंद, बेढब उंचवटा येत होता.

"वायर गेलीय," मी म्हणालो.

त्याने मान वळवून पट्टी बघितली. जरा जास्तच वेळ बघितली.

"वायरच ना?"

"शंभर टक्के. तू सुया टोच, वायरींचं मला शिकवू नकोस."

तो हसला. मी नवी वायर लावली. पुढची पट्टी स्वच्छ आली. पहिली त्याने घडी करून खिशात घातली आणि बटणं लावत दार उघडलं. "या काकू, फार वेळ बसवलं तुम्हाला." मी रिपोर्टमध्ये लिहिलं : वायर खराब, बदलली.

चार महिन्यांनी एका पेशंटला बघायला जाताना तो तिसऱ्या मजल्याच्या जिन्यात कोसळला. हृदय बंद पडलं होतं. बॅग हातातच होती.

आठवड्याने मी ती जुनी वायर शोधून काढली. मीटर लावलं. ओढली, वाकवली, पिळली. वायर अगदी ठणठणीत होती. हृदयाचे असे बेढब ठोके पट्टीवर कधी दिसतात, कधी नाही, हे मला नंतर एका दुसऱ्या डॉक्टरने समजावलं. ते कुणाचे होते, हे मी त्याला सांगितलं नाही.

वहिनींनी मशीन माझ्याकडे दिलं. "भाऊजी, कुणा चांगल्या डॉक्टरकडे पोहोचवा. तुमचा हात आहे म्हणून टिकलंय, असं म्हणायचे ते." मी मान खाली घालून ते उचललं.

खिशातली पट्टी सापडली का, हे त्यांना विचारायला माझं तोंड उघडत नाही. विचारायचंय ते खरं तर त्यालाच. "वायरच ना?" म्हणालास तेव्हा तुला सगळं कळलं होतं, की तू फक्त माझ्यावर विश्वास ठेवलास?