आतली कडी

बाई कोणाच्याही घरी गेल्या की चहाच्या आधी दाराची कडी बघायच्या. बोटानं हलवायच्या, दार ओढून बघायच्या, मग म्हणायच्या, "बरी हाय. बसू आता." राजुरीला आमच्या घरी पहिल्यांदा आल्या तेव्हा आईनं मला चुलीपाशी बोलावून विचारलं, "नर्स हाय का सुतार हाय रं ही?"

तुम्हीही माणसं निरखणारे असाल. एखादा घरात शिरल्यावर देव्हारा बघतो, एखादा टीव्ही बघतो. कडी बघणारं माणूस मी एकच पाहिलं, आणि त्या माणसाशी आम्ही जे वागलो ते आठवलं की आजही माझं डोकं फिरतं. आम्ही म्हणजे मीसुद्धा. ते शेवटी सांगून मोकळा होणार नाही, आधीच सांगतो.

आंबेगाव तालुक्यात मुख्य रस्त्यापासून आत आमचं केंद्र होतं. मनाच्या आजाराची आणि दारू सोडवायला आणलेली माणसं तिथं असायची. इमारत म्हणजे मूळची कोंबड्यांची शेड. ट्रस्टनं मधे भिंती घालून अकरा खोल्या पाडल्या आणि दारं मात्र जुनीच ठेवली. सगळ्या कड्या बाहेरून. बरोबरच आहे, कोंबडी काही आतून कडी लावत नाही.

बाई तिथल्या इन्चार्ज. मढच्या. तीस वर्षं सरकारी दवाखान्यात नोकरी करून आलेल्या. मी औषधं देणारा कंपाउंडर. कामावर रुजू झालो त्या दिवशी त्यांनी मला चार नंबरच्या खोलीत बसवलं आणि बाहेरून कडी घातली. मला वाटलं, चेष्टा आहे. पाच मिनिटं हसत बसलो. दहा मिनिटांनी पाणी मागितलं. वीस मिनिटांनी दारावर थापा मारल्या आणि जे बोललो ते इथं लिहिता येणार नाही. अर्ध्या तासानं बाईंनी दार उघडलं. हातात पेचकस होता.

"कसं वाटलं, भाऊ?"

"डोकं फिरलं माझं."

"एवढ्यात? मग आता काढ ही कडी आनि आतून बसव."

अशी माझ्या हातानं एक, ड्रायव्हरच्या हातानं एक, स्वयंपाकाच्या मावशींच्या हातानं एक, अशा अकराही कड्या आत गेल्या. दारात एक फट ठेवली होती, वेळ पडली तर पट्टी घालून बाहेरूनही कडी उचलता यायची. बाई भोळ्या नव्हत्या. बाहेर जायचं असेल तर जा, पण कोणाला तरी सांगून जा, एवढा एकच नियम.

जेवायला सगळे एका पंगतीत, आणि बाई मधेच कुठंतरी. नवीन माणूस बघायला आला की त्याला पेशंट कोण आणि नोकर कोण ते कळायचं नाही, आणि याची बाईंना भारी मजा वाटायची. एकदा एका पाहुण्यानं मलाच विचारलं, "कधीपासून त्रास आहे?" बाई म्हणाल्या, "ह्याला लई जुना हाय."

त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं. "दाराच्या दोन्ही अंगाला एकच मानूस हाय." हे कुठल्या पोथीत वाचलंत, म्हणून मी विचारलं. त्या औषधाच्या बाटल्या पुसत होत्या. म्हणाल्या, "थोरला भाऊ गोठ्यात व्हता सात वरसं. भाकरी मीच न्यायची. कडी मीच लावायची. आत तो रडायचा, भाईर मी." पुन्हा मी कधी विचारलं नाही.

आता ट्रस्टच्या अध्यक्षांविषयी. पुण्याचे निवृत्त अधिकारी, पांढरा झब्बा, आवाज गोड. बाईंनी त्यांनाही म्हटलं होतं, "साहेब, तुमीबी बसा की जरा आत." बसले. तीन मिनिटांत दार वाजवलं, मीटिंग आहे म्हणाले.

दर वर्षी ते आमच्यासाठी शिबिर घ्यायचे. 'अद्वैत आणि जागृत नेतृत्व' असा फळा रंगवलेला. मी-तू असा भेद नाही, जो सांभाळतो आणि ज्याला सांभाळायचं ते एकच, वगैरे. ऐकायला छान वाटायचं, खोटं कशाला बोलू. पण शिबिराच्या जेवणात पाहुण्यांना श्रीखंड आणि पेशंटना त्यांच्या खोलीत खिचडी. पहिल्याच वर्षी बाईंनी सगळे पेशंट रांगेनं आणून पहिल्या सतरंजीवर बसवले आणि वाढप्याला म्हणाल्या, "हितनं सुरू कर." अध्यक्ष हसले. तसं हसणारा माणूस विसरत नसतो.

त्या सुमारास जुन्नरहून गुरुजी आले. प्राथमिक शाळेत शिक्षक होते, कानात आवाज यायला लागले आणि शाळा सुटली. भावांनी हात बांधून जीपमधून आणलं. बाई त्यांच्या शेजारी जमिनीवर बसल्या, नुसत्या बसल्या, तास दीड तास. आठ महिन्यांनी गुरुजी स्वतः गोळ्या मागून घ्यायला लागले. दुपारी आतून कडी लावून झोपायचे आणि उठल्यावर भांग पाडून बाहेर यायचे. आपल्या दाराची कडी आपण लावणं ही काय चीज आहे ते त्यांच्याकडे बघून कळायचं.

एके सकाळी मी मोटारसायकल काढत होतो, औषधं आणायला तालुक्याला निघालो होतो. गुरुजी चपला घालून फाटकाशी उभे. म्हणाले, "शाळेत जाऊन येतो. चारच्या एस.टी.नं परत." मी म्हटलं, "या." फाटक मीच उघडून दिलं. बाईंना सांगायला हवं होतं. घाईत राहिलं.

आणि नेमके त्याच दिवशी अध्यक्ष पाहुणे घेऊन आले. माणसं मोजली, एक कमी. मी दोन वाजता परतलो तर केंद्राची जत्रा झालेली. पोलिसांना फोन, ड्रायव्हर विहिरीत वाकून बघतोय. मी तोंड उघडणार होतो. पण अध्यक्षांचा चेहरा बघितला, आणि औषधांची खोकी उतरवायला लागलो.

चारच्या एस.टी.नं गुरुजी आले. बोटांना खडू लागलेला. जुन्या वर्गात पाढे घेऊन आले होते.

"कोणाला विचारून गेलात?" अध्यक्ष.

"सांगून गेलो होतो." गुरुजींनी माझ्याकडे बघितलं. मी बुटाची नाडी बघत होतो.

अध्यक्ष पाहुण्यांना म्हणाले, "यांच्या सांगण्यावर काय विसंबायचं."

तेव्हा बाई पुढं झाल्या. "खरं बोलत्यात ते. मला सांगून गेले व्हते."

एवढं वाक्य त्यांना काढून टाकायला पुरलं. जाताना अध्यक्ष समजावणीच्या सुरात म्हणाले, "बाई, कड्या पुन्हा बाहेर जातील. वाईट वाटून घेऊ नका. बंधन मनात असतं, कडीत नसतं."

"मग तुमच्या दाराला भाईरून लावू का?" बाईंनी विचारलं.

बाईंनी पेचकस औषधांच्या कपाटात ठेवला आणि गेल्या. आणि कड्या बाहेर बसवायचं काम कोणाला मिळालं असेल? मला. अकराही. त्याच पेचकसानं. मुलीची शाळा होती, घर होतं, ही सगळी कारणं माझ्याजवळ तयार आहेत. कोणी मागितली तर देतो.

वर्षभरानं मढला गेलो आणि बाईंना सगळं सांगितलं. त्या वाल सोलत होत्या. म्हणाल्या, "त्याच वक्ताला कळलं मला. गुरुजी तुझ्याकडं बघत व्हते की."

"मग तुम्ही का अंगावर घेतलं?"

"न्हाई म्हनले असते तर गुरुजी खोटे पडले असते. सुधारलेला मानूस परत येडा ठरला असता."

"आणि मी?"

"तुझ्या जागी मीबी गपच बसले असते. बसले व्हतेच की, सात वरसं." आणि वाटी पुढं सरकवली. "सोल जरा."

मला राग आला. त्यांचाच. चार शिव्या हासडल्या असत्या तर मी सुखानं घरी गेलो असतो. एका शब्दानं त्यांनी मला वेगळं काढलं नाही, आणि तेच मला अजून सोसत नाही.

आणखी पाचेक वर्षांनी बाई गेल्या. केंद्रात शोकसभा ठेवली. फोटोला हार, उदबत्ती, मागं तोच फळा. अध्यक्ष म्हणाले, "त्या गेल्या असं मी म्हणणार नाही. त्या आणि आपण वेगळे होतोच कुठे?" वेगळे नव्हतात, तर काढलं कोणाला? माझं अंग पेटलं. मी उभा राहिलो.

"गुरुजींना त्या दिवशी फाटक मी उघडून दिलं होतं. बाईंना ठाऊक नव्हतं. तुम्ही त्यांना काढलंत आणि मी गप्प बसलो."

मला वाटलं होतं, कोणीतरी खवळेल. अध्यक्षांनी डोळे मिटले. "आता त्याला काय अर्थ? करणारा एकच," म्हणाले, आणि चहा आला.

तेवढ्यात मागून दार वाजल्याचा आवाज आला. सभेत गोंधळ नको म्हणून सगळ्या पेशंटना आत घालून कड्या घातल्या होत्या. बाईंच्या शोकसभेला.

मी उठून मागं गेलो आणि एकेक कडी काढत चाललो. सातव्या खोलीत गुरुजी होते. केस पांढरे, अनवाणी. दार उघडलं तरी उंबऱ्याच्या आतच उभे राहिले.

"बाई गेल्या ना?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मग आता सांगून जायचं कोणाला?"

मी आत गेलो, दार लोटलं. निदान त्यांच्या हातानं एकदा लागू दे, म्हणून आतली कडी चाचपली. तिथं मी काढलेल्या स्क्रूची चार भोकं होती.