डाव्या बाजूचा दोष

नवी गाडी दाखवली की भिंगकाका आधी गाडी बघत नसत, दाखवणाऱ्याचा चेहरा बघत. जुन्या गाड्यांच्या यार्डात त्यांनी तपासनीस म्हणून एकतीस वर्षं काढली होती. पुरात बुडालेली, ठोकलेली, मीटर मागे फिरवलेली, अशी प्रत्येक गाडी त्यांच्यापुढे नटूनथटून आली आणि प्रत्येकीचं पितळ त्यांनी उघडं पाडलं. दोष सापडला की पिवळ्या मेणखडूने त्याभोवती गोल काढायचा आणि बाजूला कारण लिहायचं. मग वाद नाही. निवृत्त झाले तरी खडू खिशातच राहिला. टवका उडालेल्या कपांवरचे गोल पुसून पुसून बायकोचा जीव मेटाकुटीला आला होता.

आता मुलीला मोठी गाडी घ्यायची होती. मधल्या आकाराची, सगळं कुटुंब मावेल अशी, एका जुन्या मॉडेलची सुधारित आवृत्ती. घरच्या छोट्या गाडीतून काकाच रोज दुपारी नातीला पोहायला नेत. जाताना वीस मिनिटं, येताना वीस, आणि मागच्या सीटवरून तिची अखंड बडबड. त्या चाळीस मिनिटांसाठी काका सकाळपासून घड्याळ बघत. नवी गाडी आली की ती चालवणार कोण, हे मात्र घरात कुणी बोलत नव्हतं. पाणी कुठेतरी मुरतंय, असं त्यांना चार दिवस वाटत होतं.

छोट्या गाडीच्या डाव्या दारावर वर्षभरात दोन ओरखडे आले होते. काकांनी त्यांचं खापर शेजाऱ्याच्या सायकलीवर फोडलं, गोल काढून बाजूला ‘सायकल’ असं लिहिलं, आणि पुरावा म्हणून ते कुणाला पुसू दिलं नाही. मुलगी यावर एक अक्षर बोलली नव्हती, तेही त्यांना खटकलं होतं.

“सुधारित म्हणजे सुधारलंय काय?” शोरूममधल्या विक्रेत्या बाईंना त्यांनी उभ्या उभ्या विचारलं.

“दिवे, जाळी, आतली बैठक...”

“म्हणजे तोंड धुतलंय, हाडं तीच.” काकांनी दारांच्या फटींतून बोट फिरवलं, पायपुसणी उचलून खाली नाक लावलं, जादा चाकाच्या खोबणीत बॅटरी मारली. काहीच सापडेना, तसा त्यांचा संशय जास्तच वाढला. “आणि हा एवढा मोठा पडदा कशाला? गाडीत सिनेमा बघायचाय?”

“काका, चारी बाजूंना कॅमेरे आहेत. गाडी रस्त्यावरच्या पट्ट्याबाहेर जायला लागली, बाजूला कुणी आलं, की ती तुम्हाला सांगते.”

“एकतीस वर्षं मी गाड्यांना सांगत आलोय, बाई.”

“बाबा, तुम्हीच चालवून बघा ना,” मुलगी म्हणाली. इतक्या गोड आवाजात, की काकांच्या मनात पाल चुकचुकली.

चालवायला गाडी लोण्यासारखी होती, हे त्यांनी मनातल्या मनातच मान्य केलं. पण पहिल्या वळणावरच ती टुणटुणली. पुढे सरळ रस्त्यावर पुन्हा टुणटुण. मग बाजारापाशी असा कर्कश आवाज केला, की मागे बसलेल्या बाईंनी सीट घट्ट धरली.

“सापडला!” काका खुलले. “डाव्या बाजूचा सेन्सर बाद आहे. उगाच बोंबलतोय.”

“सकाळीच तपासलाय, काका.”

“मग आता मी तपासतो. गाडी तीच, रस्ता तोच, हात बदला.” यार्डातला हा त्यांचाच नियम होता. चालवणारा बदलूनही दोष दिसला, तर तो गाडीचा. काकांनी मुलीला स्टिअरिंगवर बसवलं आणि स्वतः शेजारी, हात बांधून, टुणटुण ऐकायला बसले.

वळण गेलं. सरळ रस्ता गेला. बाजार आला, एक स्कूटरवाला डावीकडून घुसला, तेव्हा डाव्या आरशात केशरी दिवा लागला आणि मुलीने अलगद गाडी आवरली. आवाज झालाच नाही.

“हा दिवा माझ्या वेळी का नाही लागला?” काकांनी विचारलं.

“लागला होता,” बाई चाचरत म्हणाल्या. “तीनदा.”

शोरूमपाशी गाडी थांबल्यावर काकांनी मुलीकडे पाहिलं. “तुला माहीत होतं.”

“वर्षभर बघतेय, बाबा. डावीकडचं तुम्हाला दिसत नाही. पण तुमच्याशी वाद घालायचा, तर पुरावा लागतो.” तिचे डोळे भरून आले होते. “मागे ती बसलेली असते हो.”

त्यांना भयंकर राग आला. मुलीचा, बाईंचा, त्या टुणटुणणाऱ्या पेटीचा. पण तपासणी त्यांचीच होती, नियमही त्यांचाच, आणि त्यात खोट काढायला त्यांना कुठेही जागा दिसेना.

“गाडी चांगली आहे. घे,” ते म्हणाले.

बाहेर त्यांची छोटी गाडी उभी होती. काका डाव्या दारापाशी गेले, सवयीने खाली वाकले आणि खिशातून खडू काढला. ‘सायकल’वर त्यांनी काट मारली. बाजूला लिहिलं, ‘मी’. दुसऱ्या ओरखड्यापाशीही तेच केलं. मग किल्ली मुलीच्या हातात दिली.

“उद्यापासून पोहायला तू ने,” ते म्हणाले. “तिला सांगायचंही तूच. मला नाही जमायचं.”